भाड्याच्या घरातला उंदीर कोणाचा?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता उंदीर आणि ढेकूण कुठून आले? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका फोनमध्ये आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली शेकडो मुलं तिकडे राहतात, तशीच तीही कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट. खोलीत ढेकूण झाले. मालकीणबाई म्हणाल्या, ही नवी आली तेव्हापासून झाले, हिनंच गावाकडून आणले. फवारणीचे पैसे तिच्या एकटीच्या डिपॉझिटमधून कापले. मुलगी फोनवर रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "आजोबा, ढेकूण माझेच कशावरून?"

'कशावरून' हा शब्द आमच्या विषयातला आहे. न्यायशास्त्र या एका शब्दावर उभं आहे: तुम्ही म्हणता ते कशावरून म्हणता? आज आपण हाच प्रश्न इतिहासाला विचारणार आहोत. घरात उपद्रवी जीव झाले, घर भाड्याचं आहे, तर तो जीव कोणाचा? भाडेकरूचा, मालकाचा, की गावाचा? गेल्या सव्वाशे वर्षांत आपण या प्रश्नाची काय काय उत्तरं दिली, ते बघू.

सुरुवात फार मागे जाऊन करू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथं अधिकरण आहे, कंटकशोधन. त्यात देशावर येणाऱ्या आठ महाभयांची यादी दिली आहे: आग, पूर, रोग, दुष्काळ, उंदीर, हिंस्र श्वापदं, साप आणि राक्षस. उंदीर कोणाच्या पंगतीला बसलाय बघा! दुष्काळाच्या शेजारी. उपायही सांगितले आहेत. मांजरं आणि मुंगसं सोडावीत, त्यांना मारणाऱ्याला दंड करावा, निवडुंगाचा चीक लावलेलं धान्य पसरावं, आणि गरज पडली तर मूषककर बसवावा. उपाय चालतील न चालतील, पण विचार लक्षात घ्या. तिथे उंदीर हा एखाद्या घराचा दोष नाही. तो पुरासारखा आहे. पूर आला तर आपण असं विचारत नाही, की हे पाणी कोणाचं?

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ज्वारी पेवात नाहीतर बळदात, म्हणजे धान्य घराच्या पोटातच. कडुनिंबाचा पाला, राख घालून ते टिकवायचं. अशा घरात उंदीर बाहेरून येत नाही, घर बांधतानाच त्याची सोय झालेली असते. भिंतीच्या आतली माती एकदा भुसभुशीत झाली, की एका खोलीतून शिरलेला उंदीर शेजारच्या खोलीतून निघतो. भिंत तुमची की शेजाऱ्याची? दोघांचीही. उंदीर राहतो तो नेमका तिथे, दोघांच्या मधल्या जागेत. ढेकूणही तसाच. दिवसा फटीत, रात्री अंथरुणात, आणि खायला मिळालं नाही तरी महिनोन्‌महिने जिवंत. आमची आजी उमरग्याकडची. तिच्या तोंडी एक वाक्य असायचं, "उंदीर पडले की घर सोडायचं." घरात उंदीर आपोआप मरून पडू लागले, की माणसं भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालून राहत. तिच्या पिढीला प्लेगनं शिकवलेलं शहाणपण होतं ते. उंदीर का मरतो आणि माणूस का मरतो, याची साखळी तिला माहीत नव्हती. पण दोन्ही एकाच संकटातले, हे ठाऊक होतं.

राज्यकर्त्यांना हे कळायला वेळ लागला. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराजवळचा धान्याच्या गोदामांचा भाग. गोदाम म्हटलं की उंदीर आले. पण सरकारनं बोट ठेवलं ते माणसांवर आणि त्यांच्या खोल्यांवर. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोगांचा कायदा आला. मुंबईत चाळींची कौलं उतरवून खोल्यांत ऊन घेतलं गेलं. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यूएचएच' अशी अक्षरं रंगवली जात. पुण्यात रँडच्या देखरेखीखाली मार्च ते मे १८९७ या काळात सैनिक घरोघर शिरले. जमिनी उकरल्या, भिंतींना चुना फासला, अंथरूण-पांघरूण, कपडे जाळले. लोक आजारी माणसं लपवू लागले. त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते आपण शाळेत शिकलोच आहोत. शाळेत तितकं ठसवलं जात नाही ते दुसरं: याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या, १० मार्च १८९७ रोजी. घराघरांतून रोगी शोधले जात होते, आणि त्यांच्या जवळ जाणारी माणसं फार थोडी होती.

आता गंमत बघा, गंमत कसली, शोकांतिकाच. जमीन उकरली, घर रिकामं केलं, की उंदीर काय करणार? शेजारच्या घरात जाणार. आणि उंदरासोबत त्याच्या अंगावरच्या पिसवा. १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं, की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. सुरुवातीला त्याचं कोणी फारसं ऐकलं नाही. १९०५नंतर मुंबईत आयोगानं प्रयोग केले तेव्हा कुठे ते पटलं. त्यातला एक प्रयोग मोठा बोलका आहे. प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला प्राणी मरायचा, दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातला वाचायचा. कारण पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या मनात आलं, की भाड्याच्या खोलीत पलंगावर कोण झोपतं आणि जमिनीवर कोण? दोन फुटांचं अंतर ज्याला परवडत नव्हतं त्याला रोग आधी गाठणार, आणि मग रोग त्यानंच आणला असंही म्हटलं जाणार.

इथे आमच्या शास्त्रातलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नैयायिक कारणाची चर्चा करताना कुंभाराचं गाढव आणतात. कुंभार मडकं घडवतो, त्यासाठी लागणारी माती गाढवाच्या पाठीवरून येते. म्हणजे मडकं घडण्याआधी गाढव हजर असतं. म्हणून गाढव मडक्याचं कारण म्हणायचं का? नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. अशा आधी हजर असलेल्या, पण कारण नसलेल्या गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आपल्या जिल्ह्यात हे समजावणं सोपं जातं, तेर आपल्या शेजारी आहे आणि गोरोबाकाकांमुळे कुंभाराचं चाक आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. तर १८९७च्या साथीत चाळीतला गरीब भाडेकरू म्हणजे कुंभाराचं गाढव. तो तिथे हजर होता, एवढाच त्याचा गुन्हा.

पुढचा टप्पा आम्ही स्वतः पाहिलाय. डीडीटी कीटक मारतं हे पॉल म्यूलर यांनी १९३९मध्ये शोधलं, १९४८मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि १९५३मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आमच्या लहानपणी खाकी कपड्यातली माणसं पंप घेऊन यायची, भांडी बाहेर काढायला लावायची, भिंती पांढुरक्या करून दारावर तारीख लिहून जायची. तो वास अजून नाकात आहे. देशात १९५३मध्ये मलेरियाचे अंदाजे साडेसात कोटी रुग्ण होते, ते १९६५च्या सुमारास लाखाच्या घरात आले. केवढी मोठी गोष्ट! पण लोक खूश होते ते दुसऱ्याच कारणानं: ढेकूण मेले म्हणून. डास दिसला न दिसला, ढेकूण रोज रात्री भेटायचा.

मग काही वर्षांत तेच लोक फवारणीवाल्यांना दारातून परत पाठवू लागले. म्हणायचे, या औषधानं ढेकूण वाढतात. शिकलेले लोक हसायचे. हसण्यासारखं काही नव्हतं. ढेकणांत डीडीटी पचवणारी जात तयार झाली होती. औषधानं ते मरेनात, उलट अस्वस्थ होऊन फटींतून दिवसाढवळ्या बाहेर पडू लागले. लोकांचं निरीक्षण बरोबर होतं. पुढे डासांचंही तसंच झालं, आणि १९७६मध्ये देशात मलेरियाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. एकेका घरात औषध मारून प्रश्न मिटेल, या समजुतीला तिथे तडा गेला.

आता आमची गोष्ट. ती सांगायची की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

१९७९ साली आम्ही या गावात नोकरीला आलो. कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव. एका वाड्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मालक पुढच्या सोप्यात राहायचे, मागे आम्ही चार बिऱ्हाडं. नवं लग्न, पगार बेताचा. सोलापूरला जुन्या बाजारातून एक शिसवी पलंग घेतला, टेम्पोवर टाकून आणला. पहिल्याच रात्री अंगावर गांधी उठल्या. पलंगाच्या सांध्यांत ढेकूण होते. आम्ही दोघं नवरा-बायको रात्री दार लावून उकळतं पाणी ओतायचो, सांध्यांत रॉकेल सोडायचो. दिवसा पलंग उन्हात काढायची मात्र हिंमत झाली नाही. प्राध्यापकाच्या घरात ढेकूण! अंगणात चार लोक बघतील. ढेकणानं रोग पसरतो असं काही सिद्ध नाही, पण अब्रू जाते ती नक्की.

आमच्यानंतर महिनाभरानं शेजारच्या खोलीत एक तरुण जोडपं आलं, कडेवर लहान मूल. तो सरकारी खात्यात शिपाई म्हणून नुकताच लागलेला. जात कोणती, ते मालकांना उशिरा कळलं. पावसाळा संपेपर्यंत ढेकूण चारही बिऱ्हाडांत झाले. एके सकाळी मालक अंगणात उभे राहून म्हणाले, "हे लोक आल्यापासून सुरू झालं." मग आमच्याकडे वळले, "सर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा."

आम्हाला काकतालीय न्याय माहीत होता. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. आणि ढेकूण कुठून आले हे तर आमच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही म्हणालो, "बघावं लागेल."

एवढंच. 'बघावं लागेल.' त्या माणसानं आमच्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. आठवड्यात त्यांनी खोली सोडली. तेव्हा मराठवाड्यात हैदराबादचा १९५४चा घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता, भाडेकरूला असं काढता येत नव्हतं, त्यासाठी रेंट कंट्रोलरपुढे जावं लागे. पण वाड्याच्या अंगणात उंदराला मांजर साक्ष असते. मालकाला साक्षीदार हवा होता, तो आम्ही झालो, गप्प राहून. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोनं घरातली एकूण एक गोधडी, उशी, मुलाची दुपटी अंगणातल्या दोरीवर टाकली. एकेक उलटून, शिवण ताणून, सगळ्यांना दिसेल अशी. ती कोणाशी बोलत नव्हती. एकाही कपड्यात काही नव्हतं. आमच्या पत्नीनं ते खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

ते गेल्यावरही ढेकूण होतेच. आम्ही पलंग विकला, तो पुढे कोणाच्या घरी गेला कोण जाणे.

यानंतरचा टप्पा ३० सप्टेंबर १९९३चा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली ५२ गावं पूर्ण उद्‌ध्वस्त झाली, सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. ज्या भिंतींबद्दल आपण मघाशी बोललो, त्याच भिंती आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. भेगा पडलेल्या घरांत शिरायला लोक धजेनात, तेव्हा ते शेड आणि झोपड्यांत राहिले. धान्य मात्र घरातच. पुढच्या वर्षी, ऑगस्ट-सप्टेंबर १९९४मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून उंदीर पडल्याच्या आणि पिसवा झाल्याच्या तक्रारी आल्या. मागोमाग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण. भूकंपाच्या भीतीनं घरं रिकामी, आत साठवलेलं धान्य, त्यावर माजलेले उंदीर, आणि मग माणसांचं परतणं, अशी त्याची संगती अभ्यासकांनी लावली. इथे उंदीर कोणाचा म्हणायचा? घर सोडून गेलेल्याचा? भूकंपाचा? त्याच महिन्यात सुरतेत प्लेगची घबराट झाली, लाखो माणसं शहर सोडून पळाली, आणि जिथे पोचली तिथे लोक त्यांच्यापासून चार हात दूर राहू लागले. साथ जुनी, गाढव नवं.

भूकंपानंतर आम्ही विद्यार्थी घेऊन सास्तूरच्या बाजूला मदतीला गेलो होतो. तिथे तो भेटला. आता कारकून झाला होता, मदतकार्याच्या याद्या करत होता. ओळखलं त्यानंच. "सर" म्हणून नमस्कार केला, चहा दिला. मग हसत हसत म्हणाला, "वाड्यातले ढेकूण गेले का हो शेवटी?" आम्ही म्हणालो, गेले. तो म्हणाला, "आमच्यातनं नाही गेले बघा. बायको अजून कुठं मुक्कामाला गेली, की आधी गोधडी झटकून दाखवते."

तेव्हाही आम्ही त्याला पलंगाची गोष्ट सांगितली नाही. भोवती एवढं मरण होतं, त्यात ढेकणाचं काय सांगायचं, अशी आम्ही आमची समजूत काढली. समजूत काढायला तत्त्वज्ञान फार उपयोगी पडतं.

तर मंडळी, आजच्याकडे येऊ. ३१ मार्च २०००पासून राज्यभर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्यानं ती टाळली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. म्हणजे भिंतीतली फट कोणी बुजवायची, याचं उत्तर कायद्यात आहे. ढेकणाचं नाव त्यात नाही. शिवाय आज बहुतेक खोल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात, तिथे कागदावर जे लिहून घेतलं तेवढंच हातात राहतं. म्हणून मुलांना आमचं सांगणं असं: खोली घेतानाच लिहून घ्या, की उंदीर-ढेकूण-वाळवीचा बंदोबस्त कोण करणार आणि खर्च कोण देणार. सामान लावण्याआधी कॉटचे सांधे, गादीची शिवण, भिंतीच्या फटी बघा, फोटो काढून ठेवा. फवारणी करायची तर एका कॉटखाली करून भागत नाही, भिंतीला लागून असलेल्या सगळ्या खोल्या एकाच वेळी घ्या.

आणि एक हात जोडून सांगतो. धान्याच्या गोदामात वापरायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात ठेवू नका. त्यातून निघणारा वायू फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. अशा बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्या भिंतीतून ढेकूण जातो त्याच भिंतीतून विषही जातं.

२०२३च्या शरदात पॅरिससारख्या शहरात ढेकणांवरून हाहाकार झाला होता. तिथेही लोक विचारत होते, आणले कोणी? ढेकूण प्रवासी आहे, तो कोणाच्याही पेटीतून येतो. तो आला कुठून, हे शोधायला हरकत नाही, शोधलंच पाहिजे. पण शोध म्हणजे सगळ्यांचे पलंग उघडून बघणं. एकाच्या गोधड्या दोरीवर आणि बाकीच्यांची दारं बंद, याला शोध म्हणत नाहीत. पुण्यात त्या मुलीच्या खोलीत आम्ही हेच करायला सांगितलं. चारही कॉट उघडले, शेजारची खोली उघडली. शेजारच्या खोलीतल्या जुन्या लाकडी कपाटामागे सगळ्यात जास्त निघाले. मालकीणबाईंनी निम्मे पैसे परत दिले, बाकीच्या निम्म्यांबद्दल बोलणं चालू आहे.

पण फोन ठेवण्याआधी तिनं एक विचारलं. आम्ही तिला पलंगाची गोष्ट सांगितली होती, तुम्हाला सांगितली तशीच. ती म्हणाली, "आजोबा, मग त्यांना कधी सांगितलंत?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो निवृत्त होऊन उमरग्याला असतो, एवढं कळलं आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. तो काय म्हणेल माहीत नाही. बोलायचं आहे ते त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोशी.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, पण उत्तर 'बघावं लागेल' असं मिळालं तर पुन्हा विचारा.